तेच गाणं दुसऱ्यांदा: लहानपणी पाहिलेले गाण्यांचे सिनेमे मोठेपणी पाहताना

आंत्रुजकरीण

'साउंड ऑफ म्युझिक', 'मेरी पॉपिन्स', 'माय फेअर लेडी' आणि आपल्याकडचा 'परिचय'. आमच्या पिढीतल्या बऱ्याच गोंयकारांनी हे सिनेमे थिएटरात नाही, शेजाऱ्यांच्या सालात (बैठकीच्या खोलीत) जमिनीवर बसून पाहिलेत. कुणीतरी कुवेतहून नाहीतर बहारीनहून व्हीसीआर आणलेला असायचा, सोबत थोड्याफार कॅसेटी, आणि मे महिन्यात वाड्यावरची सगळी पोरं तिथे. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. त्यामुळे लक्ष सगळं गमतीजमतीकडे: पडद्याच्या कापडाचे शिवलेले कपडे, उलटणारी होडी, छत्री धरून उडणारी बाई. गाणं लागलं की पाणी प्यायला उठायचं.

हल्ली लेकीच्या निमित्ताने हे सगळे पुन्हा पाहणं चाललंय. आता गाण्याला उठवत नाही. आणि एक गोष्ट सारखी जाणवतेय, तिच्यासाठीच हा धागा.

या सिनेमांत महत्त्वाचं गाणं दोनदा येतं. चाल तीच, शब्द बहुतेक तेच, पण दुसऱ्या वेळी प्रसंग बदललेला असतो. 'साउंड ऑफ म्युझिक'च्या सुरुवातीला मठातल्या नन्स तिथे नन व्हायला आलेल्या मारियाची गाऱ्हाणी गातात: झाडावर चढते, गुडघे फोडून घेते, या पोरीचं करायचं तरी काय! पुढे मारिया ज्याची मुलं सांभाळायला जाते त्या कॅप्टनशी तिचं लग्न लागतं, ती त्या लांबलचक वाटेवरून वेदीकडे चालत येते, आणि मागे गायलं जातं ते हेच गाऱ्हाणं. वधूच्या स्वागताला तिच्याच तक्रारी, त्याही ऑर्गनच्या साथीने! लहानपणी हे कानावरून नुसतं गेलं होतं.

'एडलवाइस'ची गोष्ट त्याहून मोठी. पहिल्यांदा ते घरात येतं. बायको गेल्यापासून ज्याने घरात गाणं बंद केलंय, तो कॅप्टन मुलांच्या आग्रहाने गिटार हातात घेतो. दुसऱ्यांदा येतं ते साल्झबुर्गच्या महोत्सवात, नाझी अधिकारी समोर बसलेले असताना. त्याचा आवाज मधेच अडकतो. मारिया सूर उचलते, मग मुलं, मग सगळं प्रेक्षागृह. एका पांढऱ्या रानफुलावरचं आठ-दहा ओळींचं गाणं, पण तिथे ते निषेधाचं होऊन जातं. बऱ्याच जणांना ते ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत वाटतं. प्रत्यक्षात ते १९५९ सालच्या ब्रॉडवेच्या नाटकासाठी लिहिलेलं आहे, आणि ऑस्कर हॅमरस्टीनने लिहिलेलं ते शेवटचं गीत. १९६० मध्ये तो गेला. १९६५ चा सिनेमा त्याने पाहिलाच नाही.

'मेरी पॉपिन्स'मध्ये (१९६४) पाखरांना दाणे विकणाऱ्या म्हातारीचं गाणं आहे. आधी ते झोपताना मुलांना म्हटलेलं गाणं म्हणून येतं. नंतर मुलांच्या बापाला, मिस्टर बँक्सला, नोकरीवरून काढायला रात्री बँकेत बोलावतात, तो रिकाम्या रस्त्यांवरून एकटा चालत जातो, तेव्हा मागे तीच धून. तो माणूस एक शब्द बोलत नाही. माझी लेक त्या वेळी 'मेरी कुठे गेली?' विचारत होती आणि मी बँक्सकडे बघत होते. खरं तर तो सिनेमा त्याचाच आहे.

आता आपल्याकडे बघा. आपण देवळाच्या जत्रेला रात्रभर संगीत नाटकं पाहिलेली माणसं. आपल्याला दुसऱ्यांदा गाणं म्हणजे वन्समोर! मघाशी दुःखाने कोसळलेली नायिका उठते, पेटीवाल्याकडे बघते आणि पुन्हा मुखड्यापासून सुरू करते. कुणालाही त्यात काही खटकत नाही. तिथे दुसरी वेळ गायकाची असते, या सिनेमांत ती गोष्टीची असते. माझं म्हणणं इतकंच. तुमचे अनुभव लिहा, हिंदी-मराठीतली उदाहरणं असतील तर फारच छान.

पाटोपूल

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर. पण आधीच सांगतो, मी विरोधी पक्षात.

मडगावकर बुवा

चांगला विषय घेतलास गो. वन्समोरबद्दल अर्धं मान्य. वन्समोरला 'तेच' गाणं कधीच येत नसे. पहिल्या खेपेला कवीचं पद, दुसऱ्या खेपेला नटाची तालीम आणि घराणं. पण कथा तिथे थांबायची हे खरं आहे, आणि ती थांबावी म्हणूनच लोक पहाटेपर्यंत बसायचे.

मात्र आपल्याकडे एक जबरदस्त उदाहरण आहे आणि तेही आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७). त्यात 'घेई छंद मकरंद' हे पद दोन चालींत आहे, एक सालगवराळीत, दुसरी धानीत. शब्द तेच. दोन घराणी, दोन स्वभाव, दोघांचं भांडण, सगळं त्या दोन चालींत ऐकू येतं. म्हणजे तू सांगतेस त्याच्या बरोब्बर उलट: तिथे चाल तीच आणि प्रसंग वेगळा, इथे शब्द तेच आणि चाल वेगळी. पण गाणं कथेच्या कामाला लावलंय हे दोन्हीकडे.

आणि तियात्र, म्हणजे आपलं कोंकणी नाटक, विसरू नका. तिथे कांतारांचा (मधल्या गाण्यांचा) कथेशी संबंधच नसतो. दोन पडद्यांच्या मधे गायक येतो, मंत्र्यांची, महागाईची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची टर उडवतो. वन्समोर मिळाला की पठ्ठ्या तेच कडवं म्हणत नाही, राखून ठेवलेलं नवं कडवं काढतो. लोकांना ते ठाऊक असतं, म्हणून तर टाळ्या थांबत नाहीत.

व्हायोलिनवाली

बुवा, दंडवत! कट्यारचं उदाहरण डोक्यातच आलं नव्हतं.

मी थोडं वेगळ्या बाजूने लिहिते. आमचं घर चर्चपासून दोन मिनिटांवर. तिथल्या संगीताच्या मास्तरांकडे (आमच्याकडे त्यांना मेस्त्री म्हणतात) मी व्हायोलिन शिकायला जायचे आणि संध्याकाळी घरी आजोबांकडे पेटी. वाद्य हातात मिळायच्या आधी सोल्फेज घोटायचं, हाताने ताल देत डो-रे-मी. मेस्त्री कडक. पोर्तुगीज पद्धतीत डो म्हणजे नेहमी पांढरी एकचा, तो हलत नाही. आजोबांचा सा मात्र गळ्याप्रमाणे हवा तिथे. दोघांच्या मधे माझी पार दाणादाण.

म्हणून 'साउंड ऑफ म्युझिक'मधलं डो-रे-मी मला लहानपणी अभ्यास वाटायचं. आता पाहिलं तर ते किती हुशारीने बांधलंय ते दिसतं. मारिया आधी एकेका स्वराला एकेक चित्र देते. मग म्हणते, आता हेच स्वर वाटेल तसे उलटसुलट लावा. आणि मग तेच स्वर घेऊन मुलं साल्झबुर्गभर धावतात, सायकलींवर, पायऱ्यांवर. पायऱ्या चढताना सूरही चढत जातो. आमच्या मेस्त्रींनी आणि आजोबांनी मिळून जे काही वर्षांत शिकवलं, त्याचा सांगाडा त्या एका गाण्यात आहे.

'परिचय'मधलं (१९७२) 'सारे के सारे' त्याच जागी येतं. पण मोठेपणी मला 'परिचय' जास्त आवडला, कारण गुलजारांनी नुसती नक्कल केली नाही. तिथे मुलांचा बाप (संजीवकुमार) स्वतः गाणारा आहे आणि गाण्यामुळेच त्याचं आपल्या वडिलांशी, म्हणजे प्राणशी, फाटलंय. त्यामुळे त्या घरात गाणं म्हणजे जुनी जखम. 'बीती ना बिताई रैना' बाप-लेक मिळून गातात, तेव्हा ते घर तुटलेलंच असतं. लताबाईंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भूपिंदरचा आवाज संजीवकुमारला काय बसलाय!

साखरगोळी

मी बालरोग विभागात काम करते, त्यामुळे माझ्याकडून एक आमच्या धंद्यातली माहिती. 'मेरी पॉपिन्स'मधलं साखरेच्या चमच्याचं गाणं पोलिओच्या डोसावरून सुचलं. गीतकार शर्मन बंधूंपैकी रॉबर्टचा मुलगा शाळेतून आला आणि म्हणाला, आज लस दिली. दुखलं का विचारलं तर म्हणाला, नाही, साखरेच्या खड्यावर घालून दिली. झालं गाणं!

ते गाणंही दुसऱ्यांदा येतं, बरं का. बँक्स खचून बसलेला असताना मेरीचा दोस्त बर्ट धुराडी साफ करणाऱ्याच्या वेशात त्याला गाऊन सुनावतो, त्यात साखरेच्या चमच्याची चाल मिसळलेली आहे. मुलांना औषध पाजायचं गाणं बापाला पाजलं जातं. आमच्याकडे ओपीडीत रोज दिसतं, पोर डोस घेऊन खेळायला लागतं आणि बाबा मात्र घामाघूम.

पाटोपूल

आलो.

मी गाण्यांचा शत्रू नाही, पण १७४ मिनिटांचा सिनेमा घरी बसून पाहताना माणसाला घड्याळ दिसतं. आणि मोठेपणी पाहायचं तर सगळंच मोठेपणी पाहूया ना. शेवटी सगळं कुटुंब डोंगर चढून स्वित्झर्लंडला जातं म्हणे. साल्झबुर्गचे डोंगर ओलांडले की माणूस जर्मनीत उतरतो, तेही बेर्खटेसगाडेनच्या बाजूला, जिथे हिटलरचं घर होतं! ज्यांच्यावर सिनेमा बेतलाय ते खरं ट्रॅप कुटुंब साधं आगगाडीत बसून इटलीला गेलं. मारियाचं आणि कॅप्टनचं लग्न १९२७ चं, देश सोडला १९३८ मध्ये. अकरा वर्षं गिळली की राव. मुलंही सात नाहीत, एकूण दहा.

त्यातून मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. मूळ नाटकात कॅप्टनशी लग्न ठरत आलेली बॅरोनेस एल्सा आणि त्यांचा मित्र मॅक्स यांना दोन गाणी होती. त्यातलं एक तर थेट तडजोडीबद्दल: नाझी येणारच आहेत, आपण कशाला मधे पडायचं, जमवून घ्या. कॅप्टनचं आणि एल्साचं तिथे फाटतं ते राजकारणावरून. सिनेमात ती दोन्ही गाणी उडवली. राहिलं काय, तर श्रीमंत बाई आणि गरीब पोरगी यांच्यातलं प्रेमाचं लफडं. म्हणजे मोठ्यांसाठी जे होतं तेच कापलं आणि तुम्ही म्हणता हे मोठेपणी उलगडतं.

आंत्रुजकरीण

@पाटोपूल, भूगोल मान्य, त्यावर वाद नाही. गाणी कापली ते वाईटच झालं. बॅरोनेसला गाणं नसल्यामुळे ती नुसती शोभेची राहिली, हे मलाही खटकलं.

पण तोच सिनेमा एका जागी नाटकापेक्षा कडक आहे. तो तारवाला पोरगा रॉल्फ. आधी बागेतल्या काचेच्या घरात लीझलला गाण्यातून सांगतो, तू सोळाची, मी सतराचा, मी तुझी काळजी घेईन. नाटकात तो शेवटी लीझलला बघून विरघळतो आणि त्यांना जाऊ देतो. सिनेमात तो शिट्टी फुंकतो. आणि मधे मारिया तेच सोळा-सतराचं गाणं लीझलला परत म्हणून दाखवते, थांब म्हणते, वर्ष-दोन वर्षं वाट बघ. लहानपणी मला ते गाणं नुसतं गोड वाटायचं, आता वयात येणाऱ्या मुलीची आई म्हणून ऐकताना पहिल्या वेळेलाच पोटात गोळा येतो. 'काळजी घेईन' म्हणणारा मुलगा गणवेशात यायला किती थोडे दिवस लागले!

पाटोपूल

शिट्टीचा मुद्दा दिला तुम्हाला. गाण्यांचा नाही.

म्हापशेकार

अवांतर: 'साउंड ऑफ म्युझिक'मधला कॅप्टन, ख्रिस्तोफर प्लमर, स्वतः गायलाच नाहीये, आवाज बिल ली नावाच्या गायकाचा. 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नसाठी बहुतेक गाणी मार्नी निक्सन गायली, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. याच बाईने 'किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर आणि 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुडसाठीही आवाज दिला होता. हॉलिवूडवाले हे गुपित असल्यासारखं जपायचे. आपल्याकडे बघा, नटी कोण हे विसरलं तरी चालेल, लता की आशा ते आधी.

मडगावकर बुवा

म्हापशेकार, आपल्याकडेही सुरुवातीला तसंच होतं हो. 'महल' (१९४९) आला तेव्हा 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! लोकांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा कुठे लताचं नाव बाहेर आलं.

आणि मार्नी निक्सन 'साउंड ऑफ म्युझिक'मध्ये चक्क पडद्यावर आहे. ती मारियाची गाऱ्हाणी गाणाऱ्या नन्सपैकी एक, सिस्टर सोफिया. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून गायलेली बाई तिथे स्वतःच्या तोंडाने गाते.

पडद्यामागच्या माणसांचं म्हणाल तर आपण गोंयकारांनी बोलूच नये, सगळा कारखानाच आपला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा. हळदोण्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. हिंदी गाण्यांतले व्हायोलिनचे ताफे आणि ट्रम्पेट या लोकांनी कागदावर नोटेशन लिहून उभे केले, आणि नाव कुठे? प्यारेलालजींनी निदान 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) गुरूचं नाव गाण्यात घालून ऋण फेडलं.

व्हायोलिनवाली

ज्युली अँड्रूजची गंमत कुणी लिहिली नाही अजून. ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी'ची नायिका एलायझा तिने गाजवलेली. सिनेमा काढताना ती पडद्यावर अनोळखी म्हणून भूमिका हेपबर्नला. मग अँड्रूज मोकळी झाली आणि तिने 'मेरी पॉपिन्स' केला. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर तिला, आणि हेपबर्नला साधं नामांकनही नाही.

'माय फेअर लेडी' आपल्या लोकांना 'ती फुलराणी'मुळे (१९७५) जवळचा. पुलंचं 'तुला शिकवीन चांगलाच धडा' हे स्वगत म्हटलं नाही अशी मुलगी आपल्याकडच्या एकपात्री स्पर्धांत सापडणं कठीण. शॉच्या मूळ नाटकात ('पिग्मॅलियन', दोन्ही त्यावरूनच आले) ते नाही. सिनेमात त्या जागी 'थांब, बघतेच तुला' छापाचं रागाचं गाणं आहे, आणि आंत्रुजकरीण, तेही दोनदा येतं. आधी फणकाऱ्याने. मग नाचाचा समारंभ झाल्यावर, सगळे पुरुष एकमेकांची पाठ थोपटून निघून गेल्यावर एकटीने, रडत, जेमतेम दोन ओळी. भक्ती बर्व्यांचं स्वगत आपण फणकारा म्हणूनच लक्षात ठेवलंय. त्याचं रडणं फारसं कुणी स्पर्धेत करत नाही.

खारवी

वाचनमात्र असतो, आज लिहितो.

हिंदीतलं उदाहरण: 'यादों की बारात' (१९७३). आई मुलांना शिकवते ते गाणं, मग ताटातूट, आणि मोठेपणी तेच गाणं ऐकून भाऊ भाऊ ओळखतात. आंत्रुजकरीणताईंचा नियम तिथे सर्वांत उघडपणे वापरलाय. गाणं म्हणजे अक्षरशः ओळखपत्र.

पण मला लिहायचंय ते कोंकणी 'निर्मोण'बद्दल (१९६६). फ्रँक फर्नांड यांचा. टेनिसनच्या 'ईनॉक आर्डन' या काव्यावर बेतलेली कथा: नवरा बोटीवर जातो, बोट बुडते, इकडे सगळे त्याला मेलेला धरतात, बायको दुसरं लग्न करते, आणि तो परत येतो. त्यावरून लगेच हिंदीत 'तकदीर' (१९६७) आला. 'पापा जल्दी आ जाना, सात समुंदर पार से' हे गाणं त्यातलं. देशभर ते पोरांचं गोड गाणं म्हणून वाजलं. आमच्या घरी ते रेडिओवर लागलं की आई आवाज बारीक करायची. बाबा तारवटी, नऊ-नऊ महिने बोटीवर. आम्हाला वाटायचं तिचं डोकं दुखतंय.

हल्ली मी मुलांना ते लावून दिलं. मुलं बाहुलीची ओळ ऐकून हसली. गाण्यातलं मागणं काय आहे बघा: बाहुल्यांच्या बाजारातून छानशी बाहुली आणा नाहीतर आणूच नका, पण तुम्ही लवकर या. बाबा जहाजावर असताना आम्ही पत्रांतून यादी पाठवायचो. चॉकलेटं, पेन, टेपरेकॉर्डर. 'नाहीतर आणू नका' असं आम्ही कधी लिहिलं नाही.

साखरगोळी

खारवी, लिहीत जा हो.

म्हापशेकार

+१. 'निर्मोण' पुन्हा मोठ्या पडद्यावर पाहायला मिळावा. इफ्फीच्या (गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) दिवसांत पणजीला जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात जगभरचं काय काय दाखवतात, तिथे आपल्या जुन्या कोंकणी सिनेमांच्या चांगल्या प्रती करून दर वर्षी एक तरी लावायला काय हरकत आहे?

एक प्रश्न: माझी पोरगी पाच वर्षांची, मुलगा नऊचा. आधी कुठला दाखवू? 'विझर्ड ऑफ ऑझ'चा विचार होता.

आंत्रुजकरीण

@म्हापशेकार, 'ऑझ' (१९३९) पाचव्या वर्षी नको. ती हिरवी चेटकीण आणि उडणारी माकडं भलतीच आहेत, रात्री तुमच्या खोलीत येऊन झोपेल पोरगी. नऊच्या मुलाला मात्र तो दाखवा. डोरोथी दार उघडते आणि तपकिरी सिनेमा एकदम रंगीत होतो, त्या क्षणी मोबाइल बाजूला पडतो की नाही बघा. 'माय फेअर लेडी' दोघांनाही कंटाळवाणा होईल, रेक्स हॅरिसन गातच नाही, सुरात बोलत राहतो. तो तुम्ही नवरा-बायकोने पाहा.

दोघांना मिळून 'मेरी पॉपिन्स'. पेंग्विनांचा नाच आला की पाच वर्षांची खूश, धुराड्यांवरचा नाच आला की नऊ वर्षांचा. बँकेत गर्दी उसळते तिथे थोडं समजावून सांगावं लागेल. सहकारी बँकांचे अनुभव घरात कुणाला असतील तर तेही लागणार नाही.

पाटोपूल

आणि 'साउंड ऑफ म्युझिक' दाखवायचाच असेल तर दोन रात्रींत विभागा. मूळ सिनेमालाच मध्यंतर आहे: मेजवानीच्या रात्री मारिया गुपचूप बॅग उचलून घर सोडते तिथे. पहिल्या रात्री तिथेच बंद करायचा.

म्हापशेकार

पोरं ओरडतील.

पाटोपूल

ओरडू देत. दुसऱ्या रात्री जेवणं साडेसातलाच आटोपतील, बघाच तुम्ही.